केवळमावशींचे आठ पट्टे

केवळमावशींसमोर 'चांगलं' हा शब्द नुसता वापरायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, यंदा तूर चांगली आहे, की त्या लगेच विचारायच्या, "कशापरीस?" म्हणजे, कशापेक्षा? शाळेतले नवे गुरुजी चांगले आहेत, असं कुणी सांगितलं तरी तेच. माहेरी आलेल्या लेकीनं पिठलं केलं आणि घरातल्या माणसांनी वाहवा केली, तरीही तेच. आवाजात खोच नसायची. त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं असायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या डोळे बारीक करून समोरच्याकडे बघत राहायच्या. गावात त्यांच्या माघारी त्यांना 'कशापरीस मावशी' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं.

मला तो प्रश्न पहिल्याच भेटीत ऐकावा लागला. मी तुळजापूरची, शिक्षकाच्या घरातली. शेतीची पदवी घेतली होती, पण आमच्या घराला शेत नव्हतं. पहिली नोकरी लागली ती एका लहानशा संस्थेत. लोहारा भागातल्या काही गावांत कंपोस्ट खताचा प्रसार करायचा, असं काम होतं. लोहाऱ्याहून शेअर जीपनं पाऊण तासावरच्या त्या गावात मी पहिली बैठक घेतली. समाजमंदिरात पंचवीसेक माणसं जमली होती. मी तक्ते लावले, फोटो दाखवले आणि सांगितलं की कंपोस्ट टाकलं की उडीद, मूग, तूर अशी डाळीची पिकं चांगली येतात.

दाराजवळच्या खांबाला टेकून एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या असाव्यात. सावळ्या, काटक, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. त्यांनी विचारलं, "कशापरीस?" मी म्हणाले, खत न टाकलेल्या पिकापेक्षा. त्यांनी विचारलं, ते पीक ह्याच्या शेजारीच होतं का. नव्हतं. दुसऱ्या गावातलं होतं. मग दोन्हीकडं पाऊस सारखा पडला होता का, माती एक होती का, पेर एका दिवशी झाली होती का, असं त्यांनी एकेक शांतपणे विचारलं. मी प्रत्येक वेळी तक्त्याकडे वळून बघत होते. माणसं हसायला लागली. त्या मात्र हसल्या नाहीत. निघताना जवळ येऊन म्हणाल्या, "मॅडम, राग धरू नका. तुमी सांगताय ते खोटं असंल असं म्या म्हणत न्हाय. पण ते खरं हाय का, हे तुमालाच ठावं न्हाय."

त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये मला रडू यायचं बाकी होतं. जीप चालवणारे गृहस्थ मध्यमवयीन, अबोल होते. बऱ्याच वेळानं त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले की ती माझीच घरवाली हाय, ती सगळ्यांनाच असं इचारती, तुमी मनावर घेऊ नका. ते निवृत्तीभाऊ. घरची तीन एकर जमीन होती. भाऊ दिवसभर जीप चालवायचे आणि शेत केवळमावशी बघायच्या. कधी पेरायचं, काय पेरायचं, कुठला तुकडा पडीक ठेवायचा, हे सगळं त्याच ठरवायच्या. भाऊ जीपच्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्या हाताखाली राबायचे, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता.

मावशींचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीकडचं. वडील आठवडी बाजारात मापाडी होते. धान्याचं माप करून द्यायचं, एवढंच काम. लहानपणी मावशी त्यांच्याबरोबर बाजारात बसायच्या. शाळा चौथीपर्यंतच झाली. एकदा मला म्हणाल्या, "माझ्या बापानं मला एकच शिकवलं. तराजूला दोन पारडी असत्यात. एकच पारडं दाखवून कुणी वजन सांगत असंल तर उठून जायाचं." वडिलांबद्दल त्या फार बोलायच्या नाहीत. पण हे सांगताना त्यांचे दोन्ही तळवे नकळत वर आले होते आणि एका पातळीवर स्थिरावले होते.

महिनाभरानं मी पुन्हा त्यांच्या घरी गेले, ते खत बघायला. गावभर उकिरडे होते, पण खताचा ढीग म्हणावा असा त्यांच्या अंगणाच्या कडेलाच होता. शेण, सोयाबीनचं भुसकट, तुरीचा पाला, चुलीतली राख, असे थर एकावर एक. वरून जुन्या पोत्यांनी झाकलेला. मधोमध एक लोखंडी गज खुपसलेला असायचा. मावशी दर दोन-तीन दिवसांनी तो बाहेर काढून मनगटाला लावून बघायच्या. चटका बसला की ढीग बरोबर चाललाय. नुसता कोमट लागला की पलटायची वेळ झाली. "हे शिजतंय," त्या म्हणायच्या. "सडणं येगळं आन शिजणं येगळं. सडलेल्याला वास येतो. शिजलेल्याला मातीचा वास येतो." शेजारच्या सुगलाबाईंनी एका वर्षी कच्चं शेण तसंच शेतात ओतलं होतं आणि त्या तुकड्यात हुमणीच्या अळ्यांनी मुळं खाऊन टाकली होती. त्यावर मावशी सुगलाबाईंना समोरासमोर म्हणाल्या होत्या की पाहुण्याला कच्ची भाकरी वाढली असतीस का. सुगलाबाई सहा महिने बोलत नव्हत्या.

मी त्यांना विचारलं की मग बैठकीत तुम्ही माझी अडवणूक का केली, तुम्ही तर स्वतःच खत करता. त्या म्हणाल्या, "म्या करते. मला वाटतं त्यानं फरक पडतो. पण म्या सगळ्याच रानाला टाकते. मग फरक पडला का न्हाय ते कळणार कसं?" मग म्हणाल्या की तुमच्या संस्थेला दाखवायचंच असंल तर माझ्या रानात दाखवा, पण माझ्या पद्धतीनं.

संस्थेनं त्यांच्या शेतातला रस्त्याकडचा तुकडा आधीच हेरून ठेवला होता. काळी खोल माती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. मावशींनी तो नाकारला. तिथं काहीही टाकलं तरी उडीद येतो, म्हणाल्या. त्यांनी मला माळाकडच्या उतारावर नेलं. वर मुरमाड, दोन बोटं माती. खाली बांधाशी हातभर खोल. त्या उतारावर त्यांनी वरून खाली असे आठ पट्टे आखले, सगळे सारख्या रुंदीचे, म्हणजे प्रत्येक पट्ट्याला थोडी वाईट जमीन आली आणि थोडी बरी. मध्ये वरंबे घातले. चार पट्ट्यांना खत, चार साधे. आणि पावसानं ताण दिलाच, तर खताच्या चारांतल्या दोन पट्ट्यांना बोअरचं पाणी द्यायचं, साध्या चारांतल्याही दोन पट्ट्यांना द्यायचं, आणि उरलेल्या चार पट्ट्यांना काही झालं तरी द्यायचं नाही.

कुठल्या पट्ट्याला काय, हे मी वहीत लिहायला घेतलं. त्यांनी मला थांबवलं. आठ कागद फाडायला लावले, प्रत्येकावर लिहायला लावलं, घड्या घालून ते पदरात टाकले आणि एकेका पट्ट्याच्या तोंडाशी उभं राहून मला एकेक उचलायला सांगितलं. "म्या ठरवलं तर माझा हात आपसूक चांगल्या जागी खत टाकंल," त्या म्हणाल्या. "माझा माझ्या हातावर इश्वास न्हाय."

मी वरंब्यावर उभी राहिले आणि मला माझे कॉलेजचे दिवस आठवले. हेच सगळं मी तिथं पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलं होतं, चांगले गुण मिळवले होते. ते कशासाठी करतात, हे मात्र मला त्या दिवशी माळावर कळलं.

पेर वेळेवर झाली. महिनाभर आठही पट्टे सारखे दिसत होते. खरं सांगायचं तर साधे दोन पट्टे खताच्या पट्ट्यांपेक्षा उंच होते. मला धाकधूक वाटायची. मावशींना काही वाटत नव्हतं. आत्ता पाऊस हाय, आत्ता कुणाचीबी कसोटी न्हाय, असं म्हणून त्या खुरपायला बसायच्या. आणि मग, उडीद फुलावर यायच्या सुमारास, पाऊस थांबला.

आठवडा गेला, दुसरा गेला. ढग यायचे आणि तसेच नळदुर्गाच्या दिशेनं निघून जायचे. तिसऱ्या आठवड्यात न भिजवलेल्या साध्या पट्ट्यांतली पानं सकाळी दहाच वाजता उलटी व्हायला लागली. फुलं गळून वरंब्यावर पडत होती. बोअर तासभर चालायचा. तेवढ्यात चार पट्टे भिजायचे. दुसऱ्या दिवशी उरलेले चार भिजवता आले असते. पाणी होतं, हीच अडचण होती.

मी एकदा दुपारी गेले तेव्हा भाऊ आणि मावशी बांधावर भाकरी खायला बसले होते. भाऊ म्हणाले, पाणी हाय तर देऊन टाकू या की, जिवंत पीक डोळ्यासमोर मारायचं का. मीही त्यांच्या बाजूनं बोलले. त्या उडदातूनच त्यांच्या घरची वर्षाची डाळ आणि पुढचं बियाणं निघायचं, हे मला माहीत होतं. संस्थेला दाखवायला भिजवलेले चार पट्टे पुरे होते. मावशींनी घास खाली ठेवला.

"देऊ या," त्या म्हणाल्या. "औंदाचा उडीद वाचंल. पण एखाद्या साली बोअर आटला, तवा खत किती साथ देतं, हे कुणाला इचारायचं? ते ह्या चार पट्ट्यांलाच इचाराय पायजे. आन ते आत्ताच सांगत्याल."

मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मावशी त्या पट्ट्यांकडे पाठ करून बसल्या होत्या. एरवी त्या नेहमी शेताकडे तोंड करून जेवायच्या. भाकरी संपवून त्या उठल्या आणि सरळ त्या वाळत चाललेल्या पट्ट्यांतच गेल्या, आणि रोजच्यासारखं एकेक झाड वाकून बघत खालपर्यंत गेल्या.

त्याच दिवशी मी त्यांना मुळांवरच्या गाठी दाखवल्या. एक झाड खताच्या न भिजवलेल्या पट्ट्यातलं उपटलं, एक शेजारच्या साध्या न भिजवलेल्या पट्ट्यातलं. साध्या झाडाच्या गाठी सुकून पोकळ झाल्या होत्या, चिमटीत धरल्या की भुगा. खताच्या झाडाच्या गाठी अजून टणक होत्या. मावशींनी नखानं एक गाठ चिरली. आत गुलाबी होतं. त्या म्हणाल्या की हे रगतावानी दिसतंय. मी सांगितलं की जवळजवळ तसलंच असतं. रक्ताला लाल करणारं जे असतं त्याचाच भाऊबंद. त्याच्या आधारानं हवेतला नत्र खत म्हणून झाडाला मिळतो. झाड तहानलं की ते मरतं. मावशी बराच वेळ ती गाठ अंगठ्यावर ठेवून उन्हात बघत राहिल्या. मग त्यांनी हातानं दोन्ही पट्ट्यांची माती उकरली. साध्याची माती वाळूसारखी बोटांतून गळाली. खताच्या पट्ट्यात चार बोटं खाली अजून ओल होती. आमच्या दोघींच्या त्या सगळ्या काळातला तो बहुधा एकच प्रसंग, जेव्हा मी त्यांना काहीतरी शिकवलं.

पाऊस परत आला तोवर चार पट्ट्यांची फूल धरायची वेळ निघून गेली होती. काढणीला मी दोन दिवस त्यांच्याकडेच राहिले. प्रत्येक पट्ट्याचा उडीद वेगळा झोडपला, वेगळ्या पाटीत भरला. मावशी दुसऱ्या पट्ट्याचा एक दाणाही मिसळू द्यायच्या नाहीत. पोतं झटकून उलटं करून बघायच्या. भिजवलेल्या पट्ट्यांत खताचा आणि साध्याचा उडीद जवळजवळ सारखा भरला, ओंजळीचा फरक. न भिजवलेल्या साध्या पट्ट्यांची मिळून एक पाटी भरली. न भिजवलेल्या खताच्या पट्ट्यांच्या दोन पाट्या भरून वर थोडा उरला. पण भिजवलेल्यांच्या पाट्यांची रांग ह्या सगळ्यांपेक्षा खूपच लांब होती.

मावशी त्या पाट्यांसमोर उकिडव्या बसल्या. मग म्हणाल्या की खत म्हंजी पाणी न्हाय. पाण्याची जागा ते घेत न्हाय. पाऊस येईस्तोवर झाडाला धरून ठेवतं, तेवढंच. आन तेवढं लई हाय.

ह्यानंतरची गोष्ट सांगताना मला अजून अवघडल्यासारखं होतं. संस्थेनं त्यांच्या शेतात शेतकऱ्यांचा मेळावा ठेवला. ज्यांच्या मदतीवर प्रकल्प चालायचा ते पाहुणे पुण्याहून येणार होते. प्रकल्पप्रमुखांनी मला फलक करायला सांगितला. सगळे आकडे दिले तर गोंधळ होतो, एकच ठळक गोष्ट घ्या, असं ते म्हणाले. मी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कंपोस्ट खतामुळे उडीद दुप्पट.' ते खोटं नव्हतं. न भिजवलेल्या चार पट्ट्यांपुरतं खरंच होतं. बाकीचे चार मी सोडून दिले.

मेळाव्याच्या सकाळी फलक बांधून होत होता तेव्हा मावशी आल्या. त्यांनी अक्षरांखालून बोट फिरवत सावकाश तो वाचला. मग माझ्याकडे वळून त्यांचा तो एक शब्द विचारला. मी इकडेतिकडे बघून म्हणाले, मावशी, आज कार्यक्रम होऊ द्या, नंतर आपण बोलू. त्यांनी मान हलवली आणि त्या मागं जाऊन बायकांत बसल्या. मला वाटलं, त्यांना पटलं.

भाषणं झाली. सत्कार झाले. ज्यांच्या शेतात प्रयोग झाला त्या शेतकरी महिलेनं दोन शब्द बोलावेत, असं प्रमुखांनी जाहीर केलं. मावशी उठून आल्या. माइक त्यांच्या हनुवटीच्या वर होता. तो कुणीतरी खाली केला, तोवर त्या शांत उभ्या होत्या.

"म्या केवळबाई," त्या म्हणाल्या. "हा बोर्ड अर्धा हाय. आमच्या रानात आठ पट्टे हुते. बोर्डावर चारच हायती. पाणी दिलेल्या पट्ट्यांत खताचा आन साध्याचा उडीद सारखा आला, ते लिवलेलं न्हाय. ताण पडला तवा खतानं दुप्पट दिलं, हे खरं. पण ते दुप्पटबी पाण्याच्या निम्मं भरलं न्हाय. तवा ज्याच्या हिरीला शेवटपातूर पाणी हाय, त्यानं औंदा खतासाठी कंबर मोडली न्हाय तरी चालंल. ज्याचं रान माळाचं हाय आन पाणी न्हाय, त्यानं मोडावी. म्या तर मोडणार हाय."

प्रमुखांचा चेहरा उतरला होता. त्यांनी माइक माझ्याकडे दिला आणि सांगितलं की मॅडम तांत्रिक बाजू स्पष्ट करतील. मला एवढंच म्हणायचं होतं की मावशींचा थोडा गैरसमज झालाय. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, आणि ते बोलले असते तर तो दिवस सरळ पार पडला असता. मी समोर बघितलं. मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. खाली बसून पायातला काटा काढत होत्या. मी बोलावं म्हणून त्यांनी डोळ्यांनीसुद्धा जोर केला नाही.

मी म्हणाले की मावशी सांगतात ते बरोबर आहे, फलक मी लिहिला आणि तो अर्धवट लिहिला. मग आठही पट्ट्यांचं वजन वहीत बघून वाचून दाखवलं. माझा आवाज कापत होता. तिसऱ्या-चौथ्या पट्ट्यानंतर तो कापायचा थांबला.

पाहुणे जेवून गेले. तुळजापूरपर्यंतच्या प्रवासात प्रमुख माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी प्रकल्प दुसऱ्या भागात गेला आणि माझी नेमणूक पुढं वाढवली गेली नाही. हे त्या दिवसामुळे झालं की दुसऱ्या कशामुळे, मला माहीत नाही, आणि मावशींच्या संगतीत राहून, माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी सांगायची सवय माझी सुटली.

गावात मात्र वेगळंच घडलं. उन्हाळा लागला तशी माणसं मावशींच्या अंगणात यायला लागली. मेळाव्यात खत कुठं चालत नाही हे त्यांनी स्वतः ऐकलं होतं. त्यामुळे कुठं चालतं, ह्यावर त्यांचा विश्वास बसला. आधी माळाकडच्या रानांची चार घरं आली. मग सुगलाबाई आल्या. अकरा घरांपुढे ढीग उभे राहिले. तीन वर्षं मी बैठका घेत फिरले असते तरी हे झालं नसतं. मावशी घरोघर जाऊन ढिगात हात घालून बघायच्या आणि तोंडावर सांगायच्या, कच्चं हाय, रानात नेऊ नका. बायका चिडायच्या आणि पुन्हा त्यांनाच बोलवायच्या.

नोकरी सुटल्यावर मी तुळजापूरला परत आले. वर्षभरानं एका प्रशिक्षण केंद्रात शेतकऱ्यांना शिकवायचं काम मिळालं. आजही तेच करते. मावशींकडे जाणं मात्र चालू राहिलं. पेरणीला एकदा आणि काढणीला एकदा, हे ठरलेलं. त्या मला मॅडम म्हणायच्या ते कधीतरी पोरी म्हणायला लागल्या.

अशाच एका फेरीत त्यांची लेक रुक्मिण भेटली. ती लातूरला दिलेली. हसतहसत बोलत होती, पण डोळे भरलेले होते. म्हणाली, आईनं आजवर मला कधी नुसतं चांगली म्हटलं नाही. काहीही केलं तरी कशापरीस. दहावीला पहिली आले तेव्हासुद्धा. मला ते ऐकवेना. संध्याकाळी शेण गोळा करताना मी मावशींना हे सांगितलं, जरा रागानंच. वाटलं, त्या काहीतरी ठणकावून बोलतील. त्या टोपलं खाली ठेवून उभ्या राहिल्या.

"उडदाला तोलता येतं," त्या म्हणाल्या. "ती माझी एकुलती एक लेक हाय. तिच्या समोरच्या पारड्यात काय टाकू?"

हे तिला सांगा, मी म्हणाले. त्या म्हणाल्या की मला न्हाय जमायचं, तू सांग. मी त्याच आठवड्यात रुक्मिणला फोन केला. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "परत एकदा सांगा." मी परत सांगितलं.

एका वर्षी थंडीच्या दिवसांत मावशी गेल्या. आजारपण दोन-तीन आठवड्यांचंच. छातीत दुखायला लागलं, सोलापूरला नेलं, बरं वाटतंय म्हणून घरी आणलं आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या. भाऊंचा फोन आला तेव्हा मी केंद्रात वर्ग घेत होते. मला जायला तिसरा दिवस उजाडला. एसटीनं लोहाऱ्यापर्यंत, तिथून जीप. जीप दुसऱ्याच कुणाची होती.

सकाळचे आठ वाजले असतील. अंगणात भाऊ भिंतीला टेकून बसले होते, टाळू नव्यानं भादरलेली. रुक्मिण आत होती. मला वाटलं होतं घर गप्प असेल. पण अंगणाच्या कडेला चार बायका फावडी घेऊन उभ्या होत्या आणि खताच्या ढिगावरची पोती बाजूला करत होत्या. मी भाऊंकडे बघितलं. ते म्हणाले की ढीग पलटायचा दिवस आलाय. घराला सुतक, आम्हाला हात लावता येत नाही, म्हणून ह्या आल्यात. कुणी बोलवलं नव्हतं.

सुगलाबाईंनी पहिलं फावडं मारलं. ढिगाच्या पोटातून वाफ निघाली आणि गार हवेत पांढरी होऊन वर गेली. वास मातीचा होता. रुक्मिण दारात येऊन उभी राहिली. सुगलाबाईंनी मूठभर खत उचलून मुठीत दाबलं, उघडून बघितलं, बाजूच्या बाईला दाखवलं आणि ढिगाचा एक भाग बोटानं दाखवून म्हणाल्या की हे अजून आठ दिवस ठेवा. मग त्यांना मी दिसले.

"मॅडम, वारं तिकडं हाय, डोळ्यात भुसकट जाईल," त्या म्हणाल्या. "तुमी हिकडून या."

मी पिशवी भाऊंच्या शेजारी ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि त्यांच्या बाजूला जाऊन फावडं हातात घेतलं.